सुक्याच्या ओळीतली जागा

परवा सकाळी झाईच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायची यंदाची पहिली दोरी भरली. वारा उत्तरेकडून फिरला, अंगाला कोरडा लागायला लागला, आणि बायकांनी बोंबलांच्या टोपल्या उपड्या केल्या. दुपारपर्यंत सगळ्या आळीत वास. बोर्डीला फिरायला आलेले लोक चुकून इथवर आले की गाडीच्या काचा वर करतात. करोत बापडे. आम्हाला त्या वासाचा अर्थ एवढाच, की दिवाळी सरली, आता कामाला लागा. मला मात्र त्या वासाबरोबर आणखी एक गोष्ट होते. माझं डोकं फिरतं. दरवर्षी, न चुकता.

"मनातून काढून टाक," असं सांगणारे मला पुष्कळ भेटलेत. त्यांचं सांगायला काय जातंय? काळ गेला की राग ओसरतो म्हणे. ज्यांचा ओसरत असेल त्यांचा ओसरो. माझा बोंबलासारखा आहे. ओला होता तेव्हा हातातून निसटायचा, आता वाळून कडक झालाय आणि चांगला टिकतो.

ओला बोंबील म्हणजे नुसता लिबलिबीत प्रकार, हातात धरवत नाही. पण त्याच्या जबड्याला बारीक तीक्ष्ण दात असतात. एकाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आणि ती जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. वाऱ्यावर झुलतात पण सुटत नाहीत. दात बोटांना लागतात, वरून खारं पाणी, संध्याकाळपर्यंत बोटं नुसती चुरचुरतात. हे काम बायकांचं. मी अगदी लहान असल्यापासून आईच्या शेजारी उभी राहून ते करत आले. तेव्हा कोणी काही बोललं नाही, लेकरू आईच्या मागे असायचंच. मिसरूड फुटल्यावर नजरा बदलल्या. "ह्याला बोटीवर पाठवा, इथं बायकांत काय करतोय," हे सगळ्यात आधी म्हणाली ती दमूकाकी. माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. आमची आणि त्यांची पडवी एकच, मधे फक्त एक कुडाची भिंत.

पुढे मोठी झाल्यावर एका मोसमात मी अंग बाईचं व्हावं म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्याआधी मनाच्या डॉक्टरांकडे कितीतरी खेपा झाल्या होत्या, सगळं खणून विचारून झालं होतं. मग डहाणूला, मुंबईहून येणाऱ्या हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे. मी झाईहून एसटीनं जायची, खिडकीतून घोलवडच्या चिकूच्या वाड्या बघत. झाडांखाली बायका चिकू निवडत बसलेल्या असायच्या, आणि मला वाटायचं, ह्यांना कोणीच कसं विचारत नाही, की तुम्ही बायका आहात हे कशावरून?

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, यकृत तपासलं, रक्तदाब मोजला. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नीट ऐक. आवाज बदलणार नाही. तो एकदा फुटला की फुटला. दाढी मंदावेल, जाणार नाही. छाती दुखायला लागेल, मन वरखाली होईल. पुढं स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर त्याचा विचार आत्ताच करावा लागतो, नंतरची खात्री मी देत नाही. आता हे सगळं मला तुझ्या शब्दांत सांग."

मी सांगितलं. एकही गोष्ट विसरले नाही.

"घाई तर नाही ना होत?"

"घाई कसली मॅडम, उशीर झालाय," मी म्हटलं, तशा त्या हसल्या. दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक बाईचं हार्मोन देणारी, दुसरी पुरुषाचं अडवणारी. घरी येऊन मी पहिली गोळी आईच्या समोर घेतली. आई भाताचं पाणी वेळत होती. तिनं हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कडू आहे का गं?" त्या प्रश्नातला 'गं' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाबा दारात जाळं शिवत बसले होते. ते उठून गेले नाहीत.

आता जागेचं सांगते, कारण खरं दुखणं तिथलं आहे. तलासरीच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीची एक ओळ लागते. आमच्या झाईच्या बायकांची. चिंचेच्या झाडापासून सुरू होते आणि बांगडीवाल्यापाशी संपते. प्रत्येकीची जागा ठरलेली, एक गोणपाट अंथरता येईल एवढी. पाड्यापाड्यांवरून माणसं येतात, बोंबील, जवळा, सुकी मांदेली घेऊन जातात, आणि त्यांची गिऱ्हाइकी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोणपाटाशी बांधलेली असते. त्या जागेला कागद नाही. आईनंतर पोरगी, पोरगी नसेल तर सून, तीही नसेल तर जवळच्या घरातली. हा कायदा, आणि तो ओळीतल्या बायका राखतात. पुरुषानं टेम्पोतून गोण्या उतरवून द्यायच्या आणि चहाच्या टपरीवर जाऊन थांबायचं. मीही कित्येक वर्षं गोण्या उतरवल्या आणि टपरीवर जाऊन उभी राहिले. तिथून आईच्या शेजारची बोटभर मोकळी जमीन दिसायची. मला दुसरं काही नको होतं हो. नोकरी नको, शहर नको. मला तिथं बसायचं होतं.

त्याच मोसमात आईचे गुडघे गेले. जमिनीवर बसली की तिला दोघींनी धरून उठवावं लागायचं. एका सकाळी आम्ही सगळ्या दोऱ्या भरत होतो आणि दमूकाकी बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "वहिनी, तुमच्यानं आता बसवत नाही. तुमच्या जागेवर माझी नेहा बसेल." नेहा तिची सून, नुकतीच लग्न होऊन आलेली.

आई म्हणाली, "बघू. घरात आहे की बसणारं."

"कोण?" काकीनं हातातला बोंबील तसाच धरला. "मोठ्या घरात पोरगी कुठाय?"

आमच्यात थोरल्या भावाच्या घराला मोठं घर म्हणतात. म्हणजे आमचं. बायका हसल्या. सगळ्या नाही, पण ज्या हसल्या त्यांची तोंडं मला आजही एकेक करून सांगता येतील. काकी तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं माझ्याकडे हनुवटी केली आणि म्हणाली, "का, हा बसणार साडी नेसून?" माझ्या दोन्ही हातांत एक जोडी होती. जबड्यात जबडा अडकला होता. मी ती दोरीवर टांगली. दुसरी घेतली. तीही टांगली. बोटांतून रक्त आलं होतं ते मला दुपारी जेवताना मीठ लागल्यावर कळलं.

त्या दिवशी मी ठरवलं, 'पोरगी कुठाय' हे वाक्य मी तिला परत करीन. जसंच्या तसं, भर बायकांत. ज्या दिवशी तिला गरज पडेल त्या दिवशी.

गोळ्यांनी अंग हळूहळू बदलत होतं. आधी घामाचा वास बदलला. मग गालाची कातडी मऊ पडली, आणि एके दिवशी बोंबलांची गोणी छातीशी धरून उचलली तर अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी गोणी खाली ठेवली आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन हसत सुटले. इतकं सुंदर दुखणं मला कधी झालं नव्हतं. मेलं, घटकेघटकेला लघवीला मात्र जावं लागायचं, ती पुरुषाचं अडवणाऱ्या गोळीची करामत. आणि जीभ खारटासाठी वखवखायची. मासळीच्या घरात खारटाला काय तोटा? भाजलेला बोंबील मी बिस्किटासारखा खायची.

आईला वाटलं, गोळ्या गरम पडताहेत. आमच्याकडे कशावरही एकच औषध, शहाळं. ताप आला, शहाळं. पोट बिघडलं, शहाळं. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, उन्हातून आलेल्याला, सगळ्यांना. आई स्वतः लंगडत नारळाच्या वाडीत जायची, शहाळी उतरवून आणायची आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर धरायची. वर केळं. "अंगातली उष्णता जाईल, बाय. पी." बोलून दाखवायची तिची पद्धतच नव्हती, जे काही होतं ते त्या शहाळ्यात होतं. मी शेवटचा थेंबही सोडायची नाही, वर आतली मलईसुद्धा खरवडून खायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे माझा कार्डिओग्राम काढला. मग विचारलं, "खातेस काय? पहिल्या दिवशी मी काय टाळायला सांगितलं होतं?"

"मिठाच्या जागी वापरतात ते दुसरं मीठ. ते आमच्याकडे आणतच नाहीत."

"आणि?"

"केळी जास्त नको."

"आणि शहाळं?"

शहाळं त्यांनी सांगितलंही असेल. पण शहाळं हे काही खाणं आहे, हेच आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते आमच्यासाठी पाणीच, त्यात पोटॅशियम असतं आणि ही गोळी ते अंगात साठवते हे कुठं ठाऊक!

अडवणारी गोळी त्यांनी थांबवली. रक्त ठीक आल्याशिवाय पुन्हा सुरू नाही म्हणाल्या. पडवीला कान असतात, आणि आमच्या पडवीला तर काकीचेच कान होते. दुसऱ्या दिवशी दोऱ्यांवर ती म्हणाली, "बघा, औषधसुद्धा मानवत नाही. देवानं घडवलंय तसं राहावं माणसानं. देवालाच मान्य नाही." वर जिभेनं चुक्‌चुक्‌ केलं. मला तिच्या तोंडात ओला बोंबील कोंबावासा वाटला, खरंच सांगते. गोळी बंद झाल्याचं दुःख एका बाजूला, पण त्याहून जास्त जाळत होतं ते हे, की आईच्या मायेच्या चुकीवर ही बाई देवाचा शिक्का मारत होती.

आईला शहाळ्याचं कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. मी किती समजावलं, अगं, थोडक्यात निभावलं, जिवावर बेतलं नाही. ती म्हणाली, "माझ्या हातानं केलं मी." मी म्हटलं, "तुझ्या हातानं तू मला बाय केलंस, ते धर ना." तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाजाराच्या दिवशी माझी निळी साडी नेस."

तलासरीला टेम्पोतून उतरलो. आई माझा हात धरून ओळीपर्यंत आली. गोणपाट मी अंथरलं. बायका बघत होत्या, काकी तर मान वाकडी करून बघत होती. आईनं मला खांद्याला दाबून खाली बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. "ही जागृती," ती म्हणाली. "माझी पोरगी. जागा तिची." एवढंच. आईला भाषण येत नाही. ओळीच्या टोकाला, चिंचेखाली, सगळ्यांत म्हातारी गंगूमावशी बसायची. ती तोंडातली तंबाखू एका गालात सारून म्हणाली, "जरा ओरड बघू, पोरी." मी ओरडले, "बोंबील घ्या, करकरीत बोंबील!" बाजारातली चार माणसं वळली. गंगूमावशी म्हणाली, "आवाज दणदणीत आहे. गिऱ्हाईक लांबून येईल. बसू दे." झालं. कायदा तिच्या तोंडून झाला.

डॉक्टरबाईंनी बदलणार नाही म्हणून आधीच सांगितलेला तो आवाज. त्याची मला जन्मभर लाज वाटत आली होती. रक्त ठीक आल्यावर गोळीही पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा कमी. आता आई शहाळं दिसलं तरी तोंड फिरवते.

त्यानंतरचे मोसम मी दमूकाकीच्या शेजारी बसून काढले. हो, शेजारी. आईची जागा आणि तिची जागा लागूनच. मी तिची गिऱ्हाइकं पळवली. माझं गोणपाट दर बाजाराला बोटभर पुढं सरकलं. तिचा आवाज खोल गेला की मी मुद्दाम माझा चढवला. तिनं कधी चहा मागवला तर मी पाठ फिरवून पाणी प्यायले. हे सगळं क्षुल्लक आहे, मला कळतं. पण मोठा सूड रोज उगवता येत नाही, रोजचा सूड रोज उगवावा लागतो. आणि मनात ते वाक्य धार लावून ठेवलेलं होतंच. दोऱ्या भरताना घोकायची, एसटीत घोकायची, डहाणूला रक्त द्यायला हात पुढं केला की सुई टोचेपर्यंत घोकायची. मोठ्या घरात पोरगी कुठाय?

यंदा ती वेळ आली. नेहाला उंबरगावला कंपनीत काम लागलंय. ती ठणकावून म्हणाली, मी बाजारात बसणार नाही, मला तो वास नको. आणि श्रावणात काकी ओट्यावरून घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तरी बोटं वळत नाहीत. तराजू धरवत नाही, कागद बांधता येत नाही. जागा रिकामी राहिली की दुसरं घर मागणार, शेजारच्या बोरीगावची एक बाई कधीपासून टपून आहेच.

गेल्या बाजाराला काकी आली. हात पदराखाली धरलेला. आपल्या रिकाम्या जागेवर उभी राहिली. गंगूमावशी अजून आहे, चिंचेखालीच. तिच्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, काकी म्हणाली, "माझी जागा कोणी मागू नका. माझ्या जागेवर आमची पोरगी बसेल. जागू. मोठ्या घरातली म्हणजे माझीच की. दोन्ही जागा मिळून मांडेल."

पोरगी म्हणाली. आमची म्हणाली. इतक्या वर्षांत मला कधी नावानं हाक मारली नाही, आणि आता लाडानं जागू. ओळ माझ्याकडे वळली. मी हातातले बोंबील खाली ठेवले, सावकाश पदर सारखा केला. मला घाई नव्हती. आता तोंड उघडायचं आणि तिचं वाक्य तिच्या तोंडावर मारायचं.

तोंड उघडलं. आणि वाक्य जिभेवर आलं, तेव्हा कुठं ते मला नीट ऐकू आलं.

मोठ्या घरात पोरगी कुठाय? हे मी म्हणायचं? माझ्या तोंडानं? डहाणूच्या खेपा, सुया, बंद झालेली गोळी, छातीतली ती पहिली कळ, आईनं उभं राहून मला खाली बसवलेलं, हे सगळं मीच माझ्या जिभेनं खोटं पाडायचं आणि काकीनं हात पदराखाली धरून बघत राहायचं? इतकी वर्षं मी सुरीला धार लावत बसले होते आणि पातं माझ्याकडेच होतं. भोगा आता! असा संताप आला म्हणून सांगू, तिचा आणि माझाही. सगळ्या बायका थांबलेल्या. समोर एक गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं.

मग मी बोलले. बदलणार नाही म्हणून सांगितलेल्या त्याच आवाजात, चिंचेपासून बांगडीवाल्यापर्यंत.

"मोठ्या घरात पोरगी आहे, काकी. आईची आहे. तुझी नाही."

कोणी हसलं नाही. काकी चहाच्या टपरीकडे गेली आणि तिथं जाऊन थांबली. टपरीवरून ओळ कशी दिसते ते मला चांगलं माहीत आहे. मी माझ्याच गोणपाटावरून गिऱ्हाइकाला बोंबील बांधून दिले, तिची जागा रिकामीच राहू दिली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढं स्टुलावर बसून बोंबील भाजत होती. ऐकून घेतलं, उलथनं फिरवलं. "लागलं असेल गं तिला."

"लागावं म्हणूनच बोलले."

"मग? भरलं पोट?"

"नाही," मी म्हटलं. आईशी खोटं कशाला बोलू?

उद्याही वारा उत्तरेचा आहे. सकाळी टोपल्या उपड्या होतील, आणि मी आईचं जुनं गोणपाट कमरेला गुंडाळून दोऱ्यांवर जाईन. काकी येईल. ती घरात बसून राहणारी नाही. पण जबड्यात जबडा अडकवायला दोन हात लागतात. ती दोरीच्या खाली बसेल आणि मला बायकांमध्ये उभी राहून जोडी टांगताना बघत राहील. बघू दे.